मुका कीबोर्ड : एका बिघाडाचा अभ्यास

(तृतीय वर्ष कला, मराठी)

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात कथा असाव्यात, कविता असाव्यात, एखाद्या कादंबरीचा परामर्श असावा; संगणकाच्या कीबोर्डाचा बिघाड हा काही या पानांचा विषय नव्हे, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. परंतु आज आपल्यापैकी बहुतेकांचे प्रकल्प, निबंध आणि टिपणे संगणकावरच लिहिली जातात. शाईचे पेन अडले तर काय करायचे हे आपल्या आईवडिलांना ठाऊक होते. कीबोर्ड अडला की आपण मात्र दुकान गाठतो, नाहीतर शास्त्र शाखेच्या एखाद्या मित्राला शरण जातो. गेल्या पावसाळ्यात माझ्यावर असा प्रसंग आला. त्यात माझे वर्षभराचे काम जाण्याची वेळ आली होती. ते कसे वाचले आणि त्यातून मी काय शिकले, हे माझ्यासारख्याच अजाण वाचकांना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

पार्श्वभूमी

मी कोनची. आमचे हे गाव भिवंडी-कल्याण रस्त्यावर, खाडीच्या काठी आहे. पूल ओलांडला की पलीकडे कल्याणचा दुर्गाडी किल्ला. घरातली मोठी माणसे इथल्या भातखाचरांच्या गोष्टी सांगतात. आमच्या पिढीने पाहिली ती मागांची खडखड, गोदामांचे पत्रे आणि ट्रकांच्या रांगा.

आमच्या आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारीण गाण्यातून पार पाडते. या गाण्यांना धवले म्हणतात. तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी मी हाच विषय घेतला, कारण आईची मावशी स्वतः धवलारीण होती. तिला आम्ही आजीच म्हणत असू. पहिल्या दिवशी वही उघडून बसले तेव्हा ती हसून म्हणाली, "इतकी वर्सा झाली, कोनी इचारलाच नाय, बाय." मोबाइलवर आवाज टिपायला तिने नकार दिला. गाणी गावभर फिरतील, त्यांची थट्टा होईल, अशी तिला भीती होती. तेव्हा मी हाताने लिहून घेऊ लागले. पहिले १७ धवले वहीत उतरले. पुढे तिची तब्येत खालावली, वेळ थोडा उरला, म्हणून मी घरच्या संगणकावर थेट टंकू लागले. एकूण ४१ धवले झाले. आषाढात आजी गेली. म्हणजे २४ धवले असे होते की जे तिच्या तोंडी होते आणि माझ्या संगणकात होते. तिसऱ्या ठिकाणी कुठेही नव्हते.

आता त्या संगणकाविषयी. एका गोदामाच्या कार्यालयाने मोडीत काढलेला हा जुना संच माझ्या भावाने थोड्या पैशांत आणला होता. त्याची स्मृती अवघी २ जीबी. कीबोर्ड आणि माउस दोन्ही जुन्या गोल पिनेचे, एक जांभळी आणि एक हिरवी. या पिनेला पीएस/२ म्हणतात. आयबीएम कंपनीने १९८७ साली ती आणली. एवढ्या स्मृतीत विंडोज धापा टाकत असे. म्हणून मामेभावाने त्यावर एक हलके लिनक्स चढवले.

लिनक्स म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगते. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, लिहिला आणि तो सर्वांना खुला केला. त्या गाभ्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी आपापली वितरणे उभारली, आणि त्यांपैकी काही मुद्दाम जुन्या यंत्रांसाठी आहेत. बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेले पपी लिनक्स, तसेच अँटीएक्स, टायनी कोर ही त्यांतली नावे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि धडधाकट असूनही पुढच्या आवृत्तीस अपात्र ठरलेली कितीतरी यंत्रे घरोघर पडून राहिली. तेव्हा हलक्या लिनक्सची गरज यापुढे वाढणार आहे.

आजीला दिलेला शब्द मनात होता, म्हणून मी डिस्क कुलूपबंद करून घेतली होती. संगणक सुरू होताना तो परवलीचे वाक्य विचारतो. ते टंकल्याखेरीज आतील एकही अक्षर वाचता येत नाही. हे कुलूप पक्के असते. वाक्य विसरले, किंवा ते टंकताच आले नाही, तर मालकालाही आत प्रवेश नाही.

बिघाड

श्रावणातल्या दमट हवेत जुना गोल पिनेचा कीबोर्ड बंद पडला. त्याच्या बरोबरीचा माउसही गेला. मी स्टेशनजवळच्या दुकानातून यूएसबीचा नवा कीबोर्ड व माउस आणला, जोडला आणि संगणक सुरू केला. पहिल्या पडद्यावर कोणती प्रणाली सुरू करायची याची यादी येते. तिथे बाणाच्या कळा व्यवस्थित चालल्या. मग परवलीचे वाक्य विचारणारी ओळ आली. मी टंकू लागले. पडद्यावर काहीच उमटेना. एंटर दाबले, तरी काही नाही. कॅप्स लॉकचा दिवाही लागेना. कीबोर्ड साफ मुका झाला होता.

पुढचे तीन दिवस मी जे केले ते आपण सारेच करतो. पिन काढून दुसऱ्या खाचेत घातली. फुंकर मारली. दुकानदाराने कीबोर्ड बदलून दिला. नवाही तसाच वागला. एका जाणकार मित्राने सांगितले, "लिनक्सचं असंच असतं. सगळं पुसून नव्याने टाक." सल्ला सरळ होता, परंतु त्याची किंमत २४ धवले इतकी होती. प्रकल्प देण्याला तीन आठवडे उरले होते. खरे सांगायचे तर मला प्रकल्पापेक्षा आजीचीच आठवण जास्त छळत होती.

जॉबरकाकांचा प्रश्न

आमच्या शेजारचे काका यंत्रमागाच्या कारखान्यात आयुष्यभर जॉबर होते. माग लावणे, बिघडला तर दुरुस्त करणे, हे जॉबरचे काम. संगणकातले त्यांना काही कळत नाही, असे ते स्वतःच सांगतात. माझी रडकथा ऐकून ते म्हणाले, "पोरी, माग बंद पडला की शिकाऊ पोरगा विचारतो, का बंद पडला? त्याला उत्तर मिळत नाही. मी विचारायचो, कुठवर चालतो? वीज येते का? मोटार फिरते का? पट्टा फिरतो का? धोटा जातो का? जिथं 'हो'चं 'नाही' होतं, तिथंच हात घालायचा. बाकीच्या मागाला हात लावायचा नाही."

या एका प्रश्नाने माझी दिशा बदलली. 'का?' या प्रश्नाला शंभर उत्तरे संभवतात; 'कुठवर?' या प्रश्नाला एकच. परंतु तो विचारायचा तर मागाचे भाग जसे काकांना पाठ होते, तसा कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंतचा प्रवास मला माहीत असायला हवा होता. तो मी समजून घेतला. तोच इथे थोडक्यात मांडते.

कळेपासून अक्षरापर्यंत

यूएसबी ही जोडणी १९९६ साली प्रसिद्ध झाली. ती घडवणाऱ्या इंटेलमधील चमूचे एक प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. आपल्या साध्या कीबोर्डाच्या दोरीत चार तारा असतात. लाल आणि काळी या विजेच्या, पाच व्होल्टच्या. पांढरी आणि हिरवी या निरोपाच्या.

पहिली जाणण्याजोगी गोष्ट अशी की, कीबोर्डाला कोणतीच भाषा येत नाही. आपण इंग्रजी के ची कळ दाबली की तो १४ हा आकडा पाठवतो, बस्स. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी प्रमाण ठरवली. तीत याच कळेवर 'क' आहे. संगणकात मराठी मांडणी निवडलेली असेल तर तो १४ चा 'क' करतो, इंग्रजी असेल तर 'के' करतो. अक्षर कीबोर्डात नसते, संगणकात असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. यूएसबीत बोलण्याचा आरंभ नेहमी संगणकाने करायचा असतो. जुना गोल पिनेचा कीबोर्ड कळ दाबताच आपणहून बोले. यूएसबीच्या कीबोर्डाला तशी मुभा नाही. संगणक त्याला सेकंदाला साधारण शंभर वेळा विचारतो, "काही सांगायचे आहे का?" कळ दाबलेली असेल तर तो आठ बाइटांचे उत्तर देतो, नसेल तर नकार. संगणकाने विचारलेच नाही, तर कळा कितीही बडवा, कीबोर्ड गप्पच राहणार. कॅप्स लॉकचा दिवादेखील कीबोर्ड स्वतः लावत नाही. कळ दाबल्याचा निरोप आत जातो आणि दिवा लाव अशी आज्ञा संगणकाकडून बाहेर येते. म्हणून हा छोटा दिवा म्हणजे दोन्ही बाजूंचे बोलणे चालू आहे की नाही, याची उत्तम खूण होय.

तिसरी गोष्ट : हे विचारणारा प्रत्येक टप्प्यावर वेगळा असतो. संगणक सुरू होताच प्रथम बायॉस जागा होतो. हा यंत्रातच कोरलेला छोटा कार्यक्रम यूएसबी कीबोर्डाशी अगदी प्राथमिक भाषेत बोलू शकतो. म्हणूनच पहिल्या यादीत बाण चालतात. त्यानंतर लिनक्सचा कर्नेल कारभार हाती घेतो आणि बायॉस बाजूला होतो. आता कीबोर्डाशी बोलायला कर्नेलला स्वतःचे दुभाषे लागतात. त्यांना ड्रायव्हर म्हणतात. एक दुभाषा यूएसबीच्या खाचांचा कारभार पाहतो, दुसरा कीबोर्ड आणि माउस यांची भाषा जाणतो.

हे दुभाषे राहतात कुठे? डिस्कवर. आणि डिस्क तर कुलूपबंद! कुलूप उघडायला कीबोर्ड हवा, कीबोर्डाला दुभाषा हवा आणि दुभाषा कुलपाच्या आत. हा पेच सोडवण्यासाठी कर्नेलबरोबर एक छोटी पुरचुंडी कुलपाबाहेर ठेवलेली असते. तिचे तांत्रिक नाव 'इनिटरॅमएफएस' असे जिभेची परीक्षा पाहणारे आहे. मी तिला शिदोरी म्हणेन. घर उघडेपर्यंत लागणारे तेवढे दुभाषे या शिदोरीत बांधलेले असतात.

शोध

आता काकांच्या पद्धतीने मी एकेक पायरी तपासली आणि वहीत 'हो' किंवा 'नाही' लिहीत गेले.

वीज पोहोचते का? संगणक सुरू होताना कीबोर्डाचे दिवे क्षणभर लुकलुकतात. हो.

कीबोर्ड, दोरी आणि खाच शाबूत आहेत का? पहिल्या यादीत बाण चालतात. हो. या एका 'हो'ने दुकानदारावरचा माझा सारा राग निराधार ठरला. जी वस्तू मी बदलून आणली तिच्यात पहिल्यापासून दोष नव्हता.

परवलीच्या ओळीवर चालतो का? नाही.

म्हणजे 'हो'चे 'नाही' झाले ते बायॉसने कारभार कर्नेलच्या हाती दिल्यानंतर. आता दोन शक्यता उरल्या. एक तर या कर्नेलला हा कीबोर्ड मुळातच ओळखता येत नसेल. किंवा ओळखता येत असेल, पण दुभाषा शिदोरीत नसेल. या दोहोंत निवड कशी करायची? मामेभावाने लिनक्स ज्या पेन ड्राइव्हवरून चढवले होते तो अजून होता. त्यावरून संगणक डिस्कला हात न लावता सुरू करता येतो. मी तसा सुरू केला. पडदा आला, लिहिण्याची खिडकी उघडली आणि मी कळ दाबली. अक्षर उमटले! कीबोर्ड तोच, यंत्र तेच, लिनक्सचे घराणे तेच, आणि तरीही तो घडाघडा बोलत होता. पहिली शक्यता बाद झाली.

या वेळी डावीकडच्या यादीत माझ्या डिस्कचे चित्र दिसले, कुलपासह. मी त्यावर टिचकी मारली. परवलीचे वाक्य मागणारी चौकट आली. तीन दिवस मुका असलेल्या त्याच कीबोर्डावर मी ते वाक्य टंकले. कुलूप उघडले. आत 'धवले' नावाचा कप्पा होता आणि त्यात ४१ फायली. प्रथम त्या सगळ्या दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि मगच आईला हाक मारली.

मित्रांनो, इथे थांबून एक सांगावेसे वाटते. सगळे पुसून नव्याने टाकण्याचा सल्ला मी मानला असता तर कीबोर्ड सुरू झाला असता आणि सल्ला बरोबर होता असेच आम्ही सारे समजलो असतो. औषध लागू पडले म्हणून निदान खरे ठरत नाही.

कारण

आता उरले कारण. शिदोरीच्या आत काय काय बांधले आहे याची यादी काढता येते. मी काढली. त्यात गोल पिनेच्या कीबोर्डाचा दुभाषा होता. यूएसबी कीबोर्डाचा, 'यूएसबीएचआयडी' नावाचा दुभाषा नव्हता.

असे का झाले, हे आठवायला वेळ लागला नाही, कारण करणारी मीच होते. उन्हाळ्यात एकदा 'जागा अपुरी' असा संदेश आला होता. शिदोरी ठेवण्याचा कप्पा लहान होता. तेव्हा मी शिदोरी लहान करण्याचा पर्याय निवडला : यंत्राला आत्ता लागतात तेवढेच दुभाषे बांध. लिनक्सने आज्ञा तंतोतंत पाळली. त्या दिवशी कीबोर्ड गोल पिनेचा, माउसही गोल पिनेचा. यूएसबीचे काहीच जोडलेले नव्हते. तेव्हा त्याने यूएसबीचा दुभाषा घरी ठेवला. महिनोन्महिने काही बिघडले नाही, कारण त्याची गरजच पडली नाही. चूक उन्हाळ्यात झाली आणि उघडकीस आली श्रावणात, नवी वस्तू घेतली त्या दिवशी. साहजिकच मी नव्या वस्तूला दोष दिला.

उपाय

शिदोरी पुन्हा बांधायची तर प्रणालीत नेहमीच्या वाटेने शिरणे सोपे. त्यासाठी गोल पिनेचा एखादा जुना कीबोर्ड हवा होता. तो पूल ओलांडून कल्याणच्या मैत्रिणीच्या माळ्यावर सापडला. ही पिन संगणक बंद असतानाच जोडावी. चालू यंत्रात काढ-घाल करण्यासाठी ती बनवलेली नाही. संगणक सुरू केला, वाक्य टंकले, प्रणाली उघडली. मग यूएसबी कीबोर्डही जोडला. तो लगेच चालू लागला, कारण कुलूप उघडल्यामुळे आतले सारे दुभाषे आता हाताशी होते.

त्यानंतर जुनी, वापरात नसलेली कर्नेले काढून कप्प्यात जागा केली. जागा अपुरी होती तेव्हाच हे करायला हवे होते. पुढची कृती वितरणागणिक थोडी वेगळी आहे. डेबियन घराण्यात शिदोरीच्या नियमांच्या फायलीत 'मॉड्यूल्स' या ओळीवर 'डेप' ऐवजी 'मोस्ट' लिहायचे आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस' ही आज्ञा 'यू' या पर्यायासह द्यायची. आर्च घराण्यात नियमांच्या ओळीत 'कीबोर्ड' हा शब्द 'ऑटोडिटेक्ट' या शब्दाच्या आधी आणायचा आणि शिदोरी नव्याने बांधायची. नंतर यादी पुन्हा काढून दुभाषा आत आल्याची खात्री केली. मगच संगणक बंद करून गोल पिनेचा कीबोर्ड काढला आणि नव्याने सुरू केला. परवलीच्या ओळीवर एकेक कळेसरशी एकेक तारका उमटत गेली.

इतरांसाठी टिपण

प्रत्येकाचा बिघाड माझ्यासारखाच असेल असे नाही. म्हणून 'कुठवर चालतो?' या प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांवरून काय समजावे, याचे टिपण देते.

१. सुरुवातीला दिवे लुकलुकत नाहीत आणि पुढेही काही हालचाल नाही : वीज, दोरी किंवा खाच पाहावी. मधला जोडखांब काढून यंत्राच्या मागील खाचेत थेट जोडावे. तोच कीबोर्ड दुसऱ्या संगणकावर लावून पाहावा.

२. पहिल्या यादीत चालत नाही, पण प्रणाली उघडल्यावर चालतो : बायॉसमधील 'लेगसी यूएसबी' हा पर्याय बंद असण्याचा संभव आहे. तो सुरू करावा. त्यासाठी गोल पिनेचा कीबोर्ड उसना आणावा लागेल.

३. यादीत चालतो, त्यानंतर नाही : शिदोरी संशयित समजावी. पेन ड्राइव्हवरून सुरू करून पाहिल्याशिवाय डिस्क पुसू नये.

४. चित्रमय पडद्यावर चालत नाही : कंट्रोल, आल्ट आणि एफ३ या कळा एकदम दाबून अक्षरी पडदा येतो का पाहावे. तो आला आणि तिथे टंकता आले, तर दुभाषे ठीक आहेत. दोष चित्रमय पडद्याच्या मांडणीत शोधावा.

५. चालता चालता काही वेळाने झोपी जातो : वीज वाचवणाऱ्या सोयीने खाच निजवली असेल. कीबोर्डापुरती ती सोय बंद करावी.

६. कळ बराच वेळ दाबून धरल्यावरच अक्षर उमटते : हा बिघाड नव्हे. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी 'स्लो कीज' ही सोय असते. काही ठिकाणी शिफ्टची कळ आठ सेकंद दाबून धरली की ती नकळत सुरू होते आणि पुन्हा तसेच केले की बंद होते.

७. अक्षरे उमटतात पण भलतीच : कळांची मांडणी बदललेली आहे. तिची निवड तपासावी.

प्रणाली उघडत असेल तर दोन आज्ञा फार उपयोगी पडतात. रोमन लिपीत एल, एस, यू, एस, बी ही पाच अक्षरे टंकली की यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी मिळते. डी, एम, ई, एस, जी टंकले की कर्नेलची रोजनिशी दिसते. काही वितरणांत त्यासाठी आधी प्रशासकाचे अधिकार घ्यावे लागतात. कीबोर्डाची पिन काढून पुन्हा घालावी आणि रोजनिशीत नवी ओळ आली का पाहावे. आली असेल तर दखल घेतली गेली. न आल्यास निरोप तिथवर पोहोचलाच नाही. या आज्ञा टंकायला कीबोर्डच नसेल तर पडद्यावर उमटणारा, माउसने चालणारा कीबोर्ड वापरता येतो.

सर्वांत महत्त्वाची सूचना मात्र यंत्राच्या आधीची आहे. जे एकाच ठिकाणी आहे ते नाहीच असे समजावे. कुलूप लावणे योग्यच. पण कुलपाच्या आतल्या वस्तूची एक प्रत दुसऱ्या कुलपात असावी.

समारोप

आता मागे वळून पाहताना वाटते, मी तीन दिवस ज्याला मुका म्हणत होते तो मुका नव्हता. त्याला कुणी विचारत नव्हते, आणि विचारल्याशिवाय बोलायचे नाही हा त्याच्या जातीचा नियम होता. रोजनिशीच्या ओळी वाचत असताना मला आजीचे पहिल्या दिवशीचे वाक्य आठवले. साठ वर्षे ती गावातली लग्ने लावत होती. आम्हीच म्हणत असू की, जुन्या बायकांना आता काही आठवत नाही.

प्रकल्प वेळेत सादर झाला. त्याआधी एका रविवारी मी छापलेली प्रत घेऊन आजीबरोबर गाणाऱ्या दोघीजणींकडे गेले आणि सारे धवले त्यांना वाचून दाखवले. त्यांनी दोन शब्द दुरुस्त केले. वर, माझ्या यादीत नसलेला एक धवला त्यांना ठाऊक असल्याचे बोलता बोलता कळले. तो मी अजून लिहून घ्यायचा आहे. या वेळी वही आणि संगणक दोन्ही बरोबर नेणार आहे.